औद्योगिक राष्ट्रांचा साम्राज्यवाद : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात इतिहास शिकवताना साम्राज्यवादाचा धडा सुरू झाला की विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या पालकांकडून आणि पन्हाळ्याच्या सहलीत सोबत आलेल्या मंडळींकडून दरवर्षी तेच प्रश्न येतात. त्यांतील काही परीक्षेसाठी विचारलेले असतात, पण बरेचसे मनापासून विचारलेले असतात आणि त्यांना दोन ओळींत उत्तर देणे अन्यायाचे ठरते. म्हणून ती उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. लढायांच्या सनावळीपेक्षा जमाखर्चाच्या वहीतून हा विषय अधिक स्वच्छ कळतो, असे माझे मत आहे आणि पुढील उत्तरांत ते जागोजागी दिसेल.

साम्राज्यवाद आणि वसाहतवाद हे एकच आहेत का?

बोलताना आपण हे दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरतो आणि पुष्कळदा त्याने बिघडत नाही. तरीही फरक आहे. परक्या भूमीवर आपली माणसे नेऊन वसवणे किंवा तेथे आपला प्रत्यक्ष अंमल बसवणे म्हणजे वसाहतवाद होय. साम्राज्यवाद ही त्याहून मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या देशाचे निर्णय आपल्या हिताप्रमाणे व्हावेत अशी व्यवस्था करणे म्हणजे साम्राज्यवाद, मग त्या देशावर आपले निशाण फडकत असो वा नसो. चीन कधीही संपूर्णपणे कोणाची वसाहत झाला नाही, पण ब्रिटनशी झालेल्या १८४२ च्या नानकिंग तहानंतर त्याला पाच बंदरे खुली करावी लागली, हाँगकाँग द्यावे लागले आणि पुढे जकातीचे दर ठरवण्याचा स्वतःचा अधिकारही गमवावा लागला.

मराठ्यांनीही अटकेपर्यंत मुलूखगिरी केली. मग तोही साम्राज्यवाद नव्हे का?

हा प्रश्न विचारताना विद्यार्थी थोडे बिचकतात. त्यांनी बिचकू नये, कारण प्रश्न रास्त आहे. १७४१ नंतरची दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. तेथील सामान्य माणसाने त्यांत अतोनात हाल सोसले आणि मराठा स्वारांसाठीचा ‘बर्गी’ हा शब्द बंगालमध्ये आजही भीतीची आठवण म्हणून उरला आहे. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

परंतु चौथ-सरदेशमुखी वसूल करणारी सत्ता आणि कारखानदार राष्ट्राची सत्ता यांत मूलभूत फरक आहे. जुन्या सत्ता पिकलेल्या धान्यातील आणि झालेल्या व्यापारातील वाटा मागत. तो वाटा जबर असे, कधी तो लुटीच्या रूपात घेतला जाई, पण कोष्ट्याने माग बंद करावा आणि शेतकऱ्याने ज्वारीऐवजी अमुकच पीक घ्यावे अशी त्या सत्तेची गरज नसे. उद्योगप्रधान राष्ट्राची गरज नेमकी हीच होती. त्याला स्वस्त कापूस हवा होता आणि त्याच कापसाचे कापड विकण्यासाठी गिऱ्हाईकही हवे होते. त्यामुळे जिंकलेल्या देशातील उत्पादनाची घडीच त्याला बदलावी लागली.

हे सारे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच एवढ्या वेगाने का घडले?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये सूत काढण्याची यंत्रे आली, वाफेचे इंजिन सुधारले, यंत्रमाग आले. सुमारे शंभर वर्षे या उद्योगात ब्रिटनला जवळपास एकट्याचीच आघाडी होती. १८७० नंतर हे चित्र पालटले. १८७१ मध्ये जर्मनी एकसंध राष्ट्र झाले, इटली त्याच सुमारास एक झाला, अमेरिका यादवी युद्धातून सावरून कारखानदारीत पुढे सरकली आणि फ्रान्सला प्रशियाकडून झालेल्या पराभवाची खंत भरून काढायची होती. यातील अनेक राष्ट्रांनी आपापल्या बाजारपेठेभोवती जकातीच्या भिंती उभारल्या. १८७३ पासून युरोपात दीर्घकाळ मंदी रेंगाळली. माल पडून आहे, शेजारी दार लावून बसला आहे आणि रबर, कथील, पामतेल, कापूस या वस्तू तर उष्ण प्रदेशांतूनच मिळणार, अशा स्थितीत प्रत्येकाला वाटू लागले की आपण आज हा प्रदेश घेतला नाही तर उद्या दुसरा कोणी घेईल. ही धास्ती लोभाइतकीच बलवान होती.

मुख्य कारण पैसा होता की राष्ट्राभिमान?

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ हॉब्सन यांनी १९०२ मध्ये मांडले की मायदेशातील कामगाराला पुरेशी मजुरी मिळत नाही, म्हणून तेथे माल खपत नाही आणि साठलेले भांडवल बाहेर वाट शोधते. लेनिन यांनी पुढे तोच धागा ओढून साम्राज्यवाद ही भांडवलशाहीची सर्वोच्च अवस्था असल्याचे म्हटले. या मांडणीत तथ्य आहे, पण तिला मोठी अडचणही आहे. ब्रिटनचे बाहेर गेलेले भांडवल आफ्रिकेतील नव्या वसाहतींत फारसे गेलेच नाही. त्याचा मोठा भाग अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना अशा देशांत गुंतला. तेव्हा सहारातील वाळूवर निशाण रोवण्यामागे केवळ नफा होता असे म्हणता येत नाही. तेथे प्रतिष्ठा होती, आरमाराला कोळसा भरण्यासाठी ठाणी हवी होती, हिंदुस्थानचा मार्ग राखायचा होता आणि गोऱ्या माणसाने जगाला सुधारावे हा त्याच्यावरील ईश्वरी भार आहे अशी सोयीची समजूत होती. मला स्वतःला असे वाटते की पैसा नसता तर हे सुरू झाले नसते आणि अभिमान नसता तर ते एवढे पसरले नसते.

थोड्याशा युरोपीय लोकांनी एवढे मोठे प्रदेश कसे ताब्यात ठेवले?

मलेरियावर कोयनेल मिळाल्यामुळे आफ्रिकेच्या आतल्या भागात गोरा माणूस जिवंत राहू लागला. वाफेच्या बोटी नद्यांतून वर जाऊ लागल्या. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा टळला आणि १८७० मध्ये मुंबई समुद्राखालील तारेने लंडनशी जोडली गेली, म्हणजे महिन्यांची वार्ता काही तासांवर आली. १८८४ मध्ये मॅक्सिमची यंत्रतोफ तयार झाली. तिने काय केले हे १८९८ च्या ओमदुर्मानच्या लढाईत दिसते. त्या एका सकाळी सुमारे दहा हजार सुदानी सैनिक मारले गेले आणि ब्रिटिश बाजूचे पन्नासही दगावले नाहीत. तिला लढाई म्हणणेही अवघड आहे.

पण शस्त्र हे निम्मेच उत्तर आहे. उरलेले निम्मे म्हणजे स्थानिक शिपाई, स्थानिक कारकून, स्थानिक सावकार आणि आपापसांत भांडणारे स्थानिक राजे. हिंदुस्थान हिंदी शिपायांच्याच बळावर जिंकला गेला आणि त्यांचा पगार हिंदी रयतेच्याच शेतसाऱ्यातून दिला गेला.

कोल्हापूर तर संस्थान होते. येथे इंग्रजांचे राज्य होते असे म्हणता येईल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. कोल्हापूरची गादी कधीही खालसा झाली नाही, छत्रपतींचे नाव अखेरपर्यंत राहिले आणि १ मार्च १९४९ रोजी हे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले, हे सारे खरे आहे. तरीही चंचुप्रवेशापासून मुसळप्रवेशापर्यंतचा प्रवास पाहायचा असेल तर याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

इंग्रजांची पहिली नजर आपल्या बंदरांवर होती. १७६५ मध्ये त्यांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि पुढच्या वर्षी नुकसानभरपाईच्या अटीवर परत केला. १८१२ च्या तहात मालवण कायमचे गेले. त्याच्या बदल्यात इतर सत्तांपासून संरक्षणाची हमी मिळाली, पण समुद्राकडे उघडणारे दार बंद झाले. १८२० च्या दशकात फौज कमी करण्याच्या अटी आल्या. त्यानंतर कारभारी कोण असावा हेही इंग्रज ठरवू लागले आणि त्यांनी नेमलेल्या कारभाऱ्याच्या काळात, १८४४ मध्ये, गडकऱ्यांचा उठाव झाला.

हे गडकरी पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखत आणि त्याबद्दल त्यांच्याकडे जमिनी असत. त्या जमिनींचा कारभार गडावरून काढून मामलेदाराकडे सोपवण्याचा हुकूम निघाला. कागदावर ही केवळ हिशेबाची सुधारणा होती. गडकऱ्यांनी मात्र तिचा अर्थ अचूक ओळखला. आज जमीन मामलेदाराच्या वहीत गेली तर उद्या ती आपली राहणार नाही, हे त्यांना कळले. सामानगडाने दरवाजे बंद केले, मग भुदरगड, पन्हाळा, पावनगड. तोफा आणून इंग्रजांनी एकेक गड घेतला, १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळा पडला आणि पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये म्हणून तटबंदी व दरवाजे पाडण्यात आले.

१८५७ मध्ये कोल्हापुरातील पलटणीने बंड केले. छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय ठेवून त्यांना कराचीला नेण्यात आले आणि त्यांचा अंत तेथेच झाला. १८६२ च्या तहात महत्त्वाच्या सर्व बाबींत इंग्रज सरकारच्या सल्ल्याप्रमाणे वागण्याचे बंधन आले. ‘सल्ला’ या शब्दावर क्षणभर थांबावे, कारण संस्थानी राजवटीची गुरुकिल्ली त्याच्यात आहे. जो सल्ला नाकारता येत नाही तो हुकूमच असतो, मात्र त्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्यावर येत नाही.

चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन असताना गादीवर आले. त्यांना वेडसर ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या छळाविषयी लिहिल्याबद्दल टिळक आणि आगरकर यांना आदल्याच वर्षी अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले होते. ज्या राज्याचा राजा परक्या शिपायाच्या पहाऱ्यात प्राण सोडतो, त्या राज्यात सत्ता कोणाची होती हे निराळे सांगावे लागत नाही.

बर्लिन परिषदेत आफ्रिका वाटून घेतली, म्हणजे नेमके काय झाले?

नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात १४ राष्ट्रांचे प्रतिनिधी बर्लिनमध्ये बसले. आफ्रिकेतील एकही प्रतिनिधी तेथे नव्हता. नकाशावर सगळ्या रेषा त्याच टेबलावर ओढल्या गेल्या असा समज आहे, तो तितकासा बरोबर नाही. परिषदेने मुख्यतः दावे मान्य करण्याचे नियम ठरवले आणि त्या नियमांनी शर्यत आणखी वेगवान केली. १९१४ पर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया एवढेच देश उरले.

त्यात काँगोची कथा वेगळी सांगावी लागते. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने परोपकाराची भाषा करत काँगो आपल्या खासगी मालकीचा करून घेतला. सायकलींसाठी आणि पुढे मोटारींसाठी रबराची मागणी वाढली, तेव्हा गावागावावर रबराचा वाटा बांधून देण्यात आला. तो भरला नाही तर गावे जाळली जात, बायका ओलीस ठेवल्या जात आणि शिपायांनी काडतुसे वाया घालवली नाहीत याचा पुरावा म्हणून माणसांचे तोडलेले हात जमा केले जात. हे जगापुढे कसे आले? मोरेल नावाचा जहाज कंपनीतला एक कारकून अँटवर्पच्या गोदीवर मालाच्या नोंदी पाहत होता. काँगोतून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने गच्च भरलेली असत आणि परत जाताना त्यांत बंदुका, काडतुसे आणि सरकारी माणसे असत. रबराच्या मोबदल्यात जावा असा व्यापारी माल जवळपास काहीच नव्हता. जेथून एवढा माल येतो तेथे मोबदला जात नाही, याचा अर्थ तो माल जबरदस्तीने काढला जातो, हे त्याने केवळ आवक-जावक जुळवून ओळखले आणि मग आयुष्याची कित्येक वर्षे त्याविरुद्ध लढण्यात घातली. १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला.

कर्ज देऊन देश ताब्यात घेता येतो का?

गहाणखतावर अंगठा उठवून जमीन गमावलेली घराणी आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे हे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यात कोणालाही लगेच पटते. इजिप्तचे खेदिव, म्हणजे राज्यकर्ते, इस्माईल यांनी कालवे, रेल्वे आणि राजवाडे यांसाठी युरोपीय सावकारांकडून कर्जे काढली. ती फिटेनात तेव्हा १८७५ मध्ये सुएझ कंपनीतील त्यांचे भाग सुमारे ४० लाख पौंडांना ब्रिटनने विकत घेतले. पुढच्या वर्षी इजिप्तच्या जमाखर्चावर युरोपीय देखरेख बसली. सैन्यातून विरोध उसळला तेव्हा १८८२ मध्ये ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि देश ताब्यात घेतला.

याहून क्रूर प्रकार म्हणजे हरलेल्याकडूनच त्याला हरवण्याचा खर्च वसूल करणे. आपली अफू अडवणाऱ्या चीनवर ब्रिटनने युद्ध लादले आणि नानकिंग तहात २ कोटी १० लाख डॉलरची भरपाईही चीनकडूनच घेतली. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलावर पडला. हिंदुस्थानातून ब्रिटनकडे जाणाऱ्या ज्या संपत्तीच्या ओघाकडे दादाभाई नौरोजी यांनी आयुष्यभर बोट दाखवले त्यात असल्या कर्जांचे व्याज, लंडनमधील कचेऱ्यांचे खर्च, अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने असे सारे येत होते. घरातून रोज धान्य जाते आहे आणि दार मात्र कोणी फोडलेले नाही, असा तो प्रकार होता.

यंत्राने हातमाग हरला, यात साम्राज्यवादाचा दोष काय? यंत्र तर कधीतरी येणारच होते.

यंत्र येणारच होते, हे मान्य आहे. इंग्लंडमधील हातमागवालेही त्यात बुडाले. प्रश्न यंत्राचा नसून जकातीचा आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी हिंदी छापील कापडाला इंग्लंडमध्ये कायद्याने बंदी होती. लँकेशायरच्या गिरण्या बाल्यावस्थेत असताना हिंदी कापडावर तेथे जबर जकात घेतली जाई. त्याच काळात त्यांचा माल मात्र आपल्याकडे नाममात्र जकातीवर उतरत होता. पुढे मुंबईत देशी गिरण्या उभ्या राहिल्या आणि स्वस्त जाडेभरडे कापड काढू लागल्या. तेव्हा मँचेस्टरच्या दबावाने १८८२ मध्ये आयात जकात काढून टाकली गेली. तिजोरीत पैसा कमी पडला म्हणून १८९४ मध्ये ती परत बसवावी लागली, तर बरोबरीने देशी गिरण्यांवरही अबकारी, म्हणजे उत्पादनावरची पट्टी, लादली गेली. १८९६ पासून साडेतीन टक्क्यांची ही अबकारी १९२५ पर्यंत टिकली. आपल्याच देशातील कारखान्याला परक्याच्या बरोबरीने दंड, ही गोष्ट स्वतंत्र सरकारने एक दिवसही चालवली नसती.

अर्थेतिहासकार पॉल बेरॉक यांच्या अंदाजानुसार १७५० मध्ये जगातील कारखानी उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा हिंदुस्थानात होत असे आणि १९०० मध्ये तो दोन टक्क्यांच्याही खाली आला. अशा अंदाजांत इकडेतिकडे होऊ शकते, पण दिशा चुकत नाही.

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. ज्या यंत्राने देशभरातील कोष्टी-साळ्यांचे हातमाग थांबवले, तेच यंत्र जहागिरीतील एका गावाने आपलेसे केले. आजही इचलकरंजीत एखाद्या शेडच्या दाराशी उभे राहिले तर शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. धोटा डावीकडून उजवीकडे जातो तो डोळ्यांना दिसतच नाही, फक्त कापड इंचाइंचाने पुढे सरकताना दिसते आणि कामगार ओरडून नव्हे तर खुणेने बोलतो. हातमागावर एका माणसाचे हात आणि पाय जे करत ते येथे एक पट्टा करतो आणि एकच माणूस चार-सहा मागांवर नजर ठेवतो. हे पाहिले की दोन गोष्टी एकदम कळतात. हाताने विणणारा या वेगापुढे किंमतीत टिकणे शक्य नव्हते. आणि हे यंत्र चालवण्याची अक्कल, भांडवल व हिंमत आपल्याकडे होती. अडथळा होता तो राज्यकर्त्यांच्या धोरणाचा. त्याच सुमारास, १९०६ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणी उभारली तीही याच जाणिवेतून.

साखरेचा आणि साम्राज्यवादाचा काय संबंध?

गुऱ्हाळात काहिलीखाली जाळ घालणाऱ्या माणसाला विचारावे की उसाचे काम किती अंगमेहनतीचे असते. ब्रिटिश साम्राज्यात हे काम आधी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून करून घेतले जाई. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी असे मजूर घेऊन एक जहाज मॉरिशसला पोचले आणि पुढील पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास माणसे तेथे गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात. कराराच्या ‘ॲग्रीमेंट’ या इंग्रजी नावाला त्या मजुरांनी ‘गिरमिट’ म्हटले. सही करणाऱ्याला वाचता येत नसलेला करार हा करार नसतो, हे त्या एका शब्दाच्या मोडतोडीत साठलेले आहे.

पण इंग्रजांनी रेल्वे दिली, तार दिली, कायदा दिला, हे नाकारायचे का?

नाकारू नये, तपासावे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली आणि १९०० पर्यंत देशात सुमारे ४० हजार किलोमीटर लोहमार्ग झाले. सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. तोटा झाला तर तो हिंदी करदात्याने भरायचा आणि नफा झाला तर तो ब्रिटनमधील भागधारकाने घ्यायचा, अशी ती व्यवस्था होती. खर्च कितीही झाला तरी परतावा ठरलेला, म्हणून काटकसरीचे कारणच उरले नाही. इंजिने आणि रूळ बहुतांशी ब्रिटनमधून येत. मार्ग बंदराकडे धावत, कारण कापूस आणि गहू बाहेर नेणे व कापड आत आणणे हा मुख्य हेतू होता.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हे उघडे पडले. दख्खनमध्ये माणसे उपासमारीने मरत असताना देशातून धान्याची निर्यात चालूच राहिली. सरकारी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा पुरेल असे सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ठरवले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्याविरुद्ध झगडावे लागले. रेल्वे होती, धान्यही होते, पण ते कोणाकडे जावे हे ठरवण्याचा अधिकार उपाशी माणसाकडे नव्हता.

कोल्हापूरचे उदाहरण मात्र थोडे वेगळे आहे. १८९१ मध्ये सुरू झालेला मिरज-कोल्हापूर लोहमार्ग दरबारच्या पैशाने झाला. या मार्गाने येथील गूळ दूरच्या बाजारात पोचू लागला आणि शाहूपुरीची गूळबाजारपेठ बहरली. वाफेचे इंजिन तेच होते. पैसा कोणाचा आणि फायदा कोणासाठी, एवढ्यानेच त्याचा परिणाम बदलला.

महात्मा फुले आणि शाहू महाराज यांनी इंग्रजी राज्याचे काही बाबतींत स्वागत केले. त्याचे काय?

या प्रश्नाला कोल्हापुरात बगल देता येत नाही आणि देऊही नये. ज्याला शाळेच्या ओटीवर चढण्याची बंदी होती त्याला मिशनऱ्यांची किंवा सरकारची शाळा ही सुटकेची वाट वाटली, यात नवल काही नाही. कायद्यापुढे सारखेपणा हे तत्त्व व्यवहारात कितीही अपुरे असले तरी पेशवाईच्या अखेरीस अस्पृश्यांच्या वाट्याला जे आले त्यापेक्षा ते मोठे होते. ही माणसे परकीय सत्तेच्या प्रेमात नव्हती. दोन सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या समाजासाठी ती फट शोधत होती.

फुल्यांनी इंग्रज सरकारला सोडलेही नाही. शेतकऱ्याकडून गोळा केलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही मिळत नाही, हे त्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे स्पष्ट सांगितले. विलायती मालाने देशी कारागीर कसा बुडाला याची नोंदही त्यांनी केली. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागास समाजांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शेजारच्या ब्रिटिश मुलखात, कितीतरी मोठा महसूल हाताशी असताना, हे घडले नव्हते. दीडशे वर्षांच्या राजवटीनंतर १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८.३३ टक्के निघाली. सुधारणा करणे शक्य होते, हे कोल्हापूरने दाखवून दिले होते.

जपान या चक्रातून कसा सुटला?

१८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी युद्धनौका घेऊन आला आणि जपानवरही विषम तह लादले गेले. पण १८६८ नंतर तेथील राज्यकर्त्यांनी कारखाने, सैन्य आणि शाळा यांची उभारणी स्वतः केली, कारण तिजोरी परक्यांच्या हाती गेली नव्हती. दुःखाची गोष्ट अशी की सुटल्यावर जपानने तोच मार्ग धरला, १८९५ मध्ये तैवान घेतले आणि १९१० मध्ये कोरिया गिळला.

लोकांनी प्रतिकार केला नाही का?

सर्वत्र केला. दक्षिण आफ्रिकेतील झुलूंनी १८७९ मध्ये इसांडल्वानाला ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. १ मार्च १८९६ रोजी अडवा येथे सम्राट मेनेलिक यांच्या इथिओपियाने इटलीचा निर्णायक पराभव केला. मेनेलिक यांनी युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेचा फायदा घेऊन आधीच बंदुका जमवल्या होत्या. आपल्याकडे गडकऱ्यांनी तलवारीने आणि टिळकांच्या पिढीने स्वदेशी व बहिष्काराने प्रतिकार केला. दुसरा मार्ग थेट गिरणीमालकाच्या वहीवर घाव घालणारा होता, म्हणून तो जास्त झोंबला.

आज त्याचे परिणाम कोठे दिसतात?

सीमांत दिसतात. अफगाणिस्तान आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातील १८९३ ची ड्युरंड रेषा पठाणांच्या वस्तीच्या मधून गेली, आफ्रिकेत तर कित्येक सीमा पट्टी धरून ओढल्यासारख्या सरळ आहेत. एकाच पिकावर किंवा एकाच खनिजावर उभ्या राहिलेल्या अर्थव्यवस्थांत दिसतात. आणि आपल्या जवळच, पारधी वस्तीत दिसतात. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि त्यांच्यावर पोलिसांपुढे रोजच्या हजेरीची सक्ती आली. शाहू महाराजांनी आपल्या राज्यात ही हजेरी बंद करून त्यांना कामे आणि घरे दिली, परंतु देशात तो कायदा १९५२ पर्यंत राहिला. कायदा गेला, तरी गावात चोरी झाली की आधी संशय कोणाच्या पालावर जातो ते आपण सगळे जाणतो.

कोल्हापुरात हा इतिहास पाहण्यासाठी कोठे जावे?

टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयापासून सुरुवात करावी. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तेथे आहे. रोमशी आपला व्यापार होता आणि त्यासाठी कोणी कोणावर राज्य केले नव्हते, हे ती मूर्ती सांगते. तेथून १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्याकडे जावे. हा वाडा मेजर मॅन्ट या इंग्रज स्थापत्यकाराने रचला. कमानी आपल्या, मनोऱ्यावरचे घड्याळ विलायती. परतताना शिवाजी चौकात थांबावे. मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा येथे होता. १९४२ च्या चळवळीच्या काळात कोल्हापूरकरांनी तो विद्रूप केला, नंतर फोडला आणि १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला.

पन्हाळ्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. गाडीरस्ता जेथून गडात शिरतो तेथेच चार दरवाजा होता, १८४४ मध्ये पाडलेला. बहुतेक गाड्या तेथे न थांबता थेट सज्जा कोठीकडे जातात. आपण उतरावे आणि उरलेल्या चिऱ्यांच्या बाजूने एकदा चालत जावे. दरवाजा केवढा होता याचा अंदाज पावलांनी मोजूनच येतो.